रुमाल सोड, पण मोडू नकोस

जुनी पत्रं गोळा करायचा नाद तुला लागला, याचं मला मनापासून समाधान आहे. आपल्या मारुंजीत, नेऱ्यात, जांब्यात, हिंजवडीत जुनी घरं ज्या वेगानं पडताहेत, त्या वेगानं असा नाद असणारी माणसं तयार होत नाहीत. भातखाचरांच्या जागी टॉवर आले, ते थांबवणं आपल्या हातात नव्हतं. पण घर पाडायच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरची पेटी खाली घेणं आपल्या हातात आहे. मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांनी मला जे सांगितलं, आणि पुढं कागद हाताळताना जे कळत गेलं, ते आता तुला सांगतो.

पहिलं सांगणं हे की सहीच्या मागं लागू नकोस. तू परवा मोबाईलवर अमेरिकेतल्या लिलावाची चित्रं दाखवलीस. तिथं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत. त्यांत बरेच वकील होते, काही फौजेत लढलेले होते. या प्रत्येकाचं एकेक हस्ताक्षर मिळवायचं आणि ५६ चा संच पुरा करायचा, हा तिथल्या संग्राहकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ध्यास. जॉर्जियाचा बटन ग्विनेट १७७७ साली द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मेला. त्याच्या सह्या फार थोड्या उरल्या, म्हणून त्याची सही असलेल्या साध्या कागदालाही अफाट किंमत येते. विल्यम स्प्रेग नावाच्या पाद्र्याला तर जॉर्ज वॉशिंग्टनच्या दप्तरातून पत्रं निवडून न्यायची परवानगी मिळाली होती. अट एवढीच होती की नेलेल्या पत्राच्या जागी नक्कल ठेवायची. त्यानं शेकड्यांनी पत्रं नेली. त्याचा संग्रह नावाजला गेला, दप्तर मात्र फुटलं.

आपल्याकडं हा हिशेब मुळातच लागू होत नाही. मराठी सरदार स्वतः पत्र लिहीत बसत नसे. तो सांगायचा, कारकून लिहायचा. महादजी शिंद्यांचं पत्र म्हणून जे तुझ्या हाती येईल, त्यातलं अक्षर बहुधा चिटणिसाचं असेल. पत्राचा खरेपणा ठरायचा तो शिक्क्यावरून आणि शेवटी उमटवलेल्या मोर्तबावरून. पेशव्यांच्या काही पत्रांत शेवटचे चार शब्द तेवढे स्वदस्तुरचे, म्हणजे स्वतःच्या हातचे असतात. वरच्या अक्षराचं वळण एक आणि खाली ‘हे विनंति’ किंवा ‘हे आशीर्वाद’ एवढ्याचं वळण वेगळं दिसलं, तर तिथं थांबून बघ. बाकी सही शोधत बसलास तर पत्र वाचायचं राहून जाईल.

आणि गावच्या कागदांवरच्या सह्या बघायच्या असतील तर महजर बघ. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढं आला की निवाडा लिहून त्यावर सगळ्या गावाच्या साक्षी घेत. लिहिता येणारा नाव लिही. ज्याला येत नसे त्याची निशाणी असे: कुणब्याचा नांगर, शिपाईगड्याची कट्यार, न्हाव्याचा आरसा, बाईची बांगडी. ज्यांचं नाव कुठल्याही बखरीत नाही अशा माणसांनी स्वतःच्या हातानं किंवा स्वतःच्या खुणेनं आपण तिथं हजर होतो असं सांगून ठेवलेलं असतं. माझ्या लेखी असा एक फाटका महजर कुठल्याही नामांकित सरदाराच्या सुट्या पत्रापेक्षा मोलाचा आहे.

आता मुख्य गोष्ट. कागद एकटा घेऊ नकोस, रुमालासकट घे, किंवा रुमालासकट तिथंच राहू दे. जुन्या माणसांनी कागद कापडात बांधले ते काही उगाच नव्हे. एका रुमालात एका घराचा, एका प्रकरणाचा, एका काळाचा पत्रव्यवहार राहतो. वसुलाची पावती, तगाद्याची चिठ्ठी, लग्नाचं बोलावणं, मोहिमेवरून आलेलं पत्र असं सगळं एकाखाली एक. पत्रात नुसतं ‘तुम्हीं लिहिलें तें कळलें’ एवढंच असतं आणि काय लिहिलं होतं ते शेजारच्या कागदात सापडतं. शेजारचा कागद गेला की पत्र मुकं होतं. व्यापारी रुमालातून शिक्का असलेला, मोठ्या नावाचा कागद उचलतो आणि बाकीचा गठ्ठा रद्दीत टाकतो. तू त्याच्या उलट वाग. जुन्या बाजारात किंवा रद्दीच्या दुकानात मोडी कागदांचं पुडकं दिसलं तर त्यातला एक निवडून घेऊ नकोस. पैसे पुरत असतील तर सगळं घे. पुरत नसतील तर दुकानदाराला विनंती करून सगळ्याचे फोटो घे आणि एखाद्या संस्थेला लगेच कळव.

हे मी मनानं सांगत नाही. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे पानिपतापर्यंतची. पुढं या मालेचे २२ खंड झाले. राजवाडे गावोगाव पायपीट करत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या अडगळीत कागद शोधत हिंडले, आणि मिळाले ते पत्रामागून पत्र असे छापत गेले. मिरजेला वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त असेच ओळीनं दिले. म्हणून आज एखादी मोहीम आपल्याला दिवसांच्या हिशेबानं मांडता येते: कोण कुठं होता, दाणापाणी कुठून आलं, पैसा कुठं अडला. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडून ४५ भाग छापले. छापण्यासाठी कागद निवडले, पण मूळ कागद दप्तरातच राहिले. म्हणून आजही कुणाला शंका आली तर तिथं जाऊन अस्सल कागद बघता येतो.

आणि घरातल्या कागदाची ताकद काय असते, याचं आपल्या बाजूचंच उदाहरण आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती, म्हणजे कोणत्या साली काय घडलं याची टिपणं. लोकमान्य टिळकांच्या हाती ती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाकडून छापली गेली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद अभ्यासकांनी पुढं या शकावलीच्या आधारानं लढवला. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तारीख आज सरकारी जयंतीची आहे. ती एका देशमुखाच्या घरातल्या टिपणात होती. चिंचवडच्या देव घराण्याचे कागदही असेच. लॉरेन्स प्रेस्टन या परदेशी अभ्यासकानं त्या घराण्यावर लिहिलेला ग्रंथ केंब्रिजनं १९८९ मध्ये छापला. आपण चिंचवडला दर्शनाला जातो तेव्हा बाहेरच्या माणसानं त्यांचे कागद किती बारकाईनं वाचलेत, हे आपल्या गावीही नसतं.

कागद कुठं असतात ते सांगतो. आपल्याकडं पाऊस फार, म्हणून कागद खाली कधी ठेवत नसत. चुलीच्या वरच्या माळ्यावर धूर लागेल तिथं ठेवत, कारण धुरानं कसर आणि ओल दोन्ही लांब राहतात. काळ्याकुट्ट पडलेल्या पेटीला पाहून ती टाकाऊ समजू नकोस. देवघराच्या कोनाड्यात, तुळईला टांगलेल्या वळकटीत, बळदात, पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली बघ. घरातल्या पुरुषांना बहुतेक वेळा माहीत नसतं. म्हातारीला माहीत असतं. तिला विचार, आणि विचारताना घाई करू नकोस.

कागद बाहेर येतात ते तीन वेळांना: घर पाडताना, वाटणी होताना आणि जमीन विकताना. या तिन्ही वेळी घरात ताण असतो. लोक कागद दाखवायला का बिचकतात, हे समजून घे. इंग्रजी अमलात इनाम कमिशन आलं, १८५२ चा कायदा झाला, आणि सनद दाखवा नाहीतर जमीन सोडा अशी वेळ आली. पुढं १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, १९६२ मध्ये पाटीलकी गेली. कागद म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे तंटा, हे घराघरात मुरलेलं आहे. म्हणून दारात उभा राहून ‘जुने कागद आहेत का’ असं विचारू नकोस. ‘कुणी वाचून दाखवलं नसेल तर मी वाचून दाखवतो’ असं म्हण. मोडी वाचणारा माणूस दारात आला की लोक आपण होऊन पेटी काढतात. वाचून दाखव, देवनागरीत उतरवून एक प्रत त्यांना दे, फोटो काढायला परवानगी माग, आणि कागद त्यांच्या देखत जसा होता तसा बांध. कोर्टात वाद चालू आहे असं कळलं तर मूळ कागद हातात घेऊन घराबाहेर पाऊलही टाकू नकोस. आणि त्यातल्या मजकुराचा उच्चार भावकीत कुठंही करू नकोस. एका घरातलं दुसऱ्या घरात गेलं की पुढची दहा घरं तुला बंद होतील.

वाचण्याविषयी. मोडी शिकल्याशिवाय गोळा करायला लागू नकोस, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, सरकारचं पुराभिलेख खातंही घेतं. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, तेव्हा तुमच्या पिढीला संगणकावरही लिहिता येते. पण छापील मोडी वाचता आली म्हणजे घसटी मोडी वाचता आली असं नाही. आधी डोक्यावरची आडवी रेघ ओढलेली असते आणि त्या रेघेखाली बोरू न उचलता अक्षरं लिहिलेली असतात. शिवकालीन वळण वेगळं, पेशवाईतलं वेगळं, इंग्रजी अमलातलं टाकानं लिहिलेलं आणखी वेगळं. एकाच कारकुनाची वीस-पंचवीस पत्रं ओळीनं वाचलीस की त्याची अक्षरं डोळ्यात बसतात. रुमाल न मोडण्याचं हेही एक कारण आहे.

पत्राचा मायना आधी वाच. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असं असेल तर समोरचा सरदार आहे. ‘तीर्थरूप’ असेल तर घरातलं वडील माणूस. लिहिणारा नमस्कार लिहितो, दंडवत लिहितो की रामराम लिहितो, यावरून त्याची जात आणि दोघांतलं नातं कळतं. वकिलाची पत्रं हाती लागली तर भाग्य समज. त्या काळचा वकील परदरबारात आपल्या धन्याची बाजू मांडायला बसलेला असे. दिल्लीला हिंगणे होते, निजामाकडं गोविंदराव काळे होते. सरदाराचं पत्र कामापुरतं असतं, ‘फौज घेऊन यावें’ एवढं. वकील मात्र लांबलचक लिहितो. दरबारात कोण काय बोललं, कुणाचा चेहरा उतरला, कुणाला किती पैका द्यावा लागेल, शहरात काय अफवा आहे, सगळं कळवतो. इतिहास वाचायचा असेल तर सरदाराचं पत्र आणि वकिलाचं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाच.

कागदाची पाठ कधी विसरू नकोस. पाठीवर पत्ता असतो, आणि ‘पैवस्ती’ म्हणून पत्र पोचल्याची तारीख असते. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख दोन्ही मिळाली की जासूद किती दिवसांत कुठून कुठं आला ते कळतं. मोहिमेचा वेग असाच मोजतात. लांब कागद अनेक बंद चिकटवून केलेला असेल तर जोडावर मागून शिक्का आहे का ते बघ. मधला बंद कुणी बदलू नये म्हणून तो मारत.

तारीख काढायला शिक, ते अवघड नाही. कागदात ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसेल. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा सुहूर सन, तो मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळव, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळव. म्हणजे हे साल १७६० च्या पावसाळ्यापासून १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंतचं. पानिपत याच सनात झालं, १४ जानेवारी १७६१ ला. फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शकात ७८ मिळवायचे, पौषापासून पुढं बहुधा ७९. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर हे पाढ्यासारखं पाठ कर. मलाही तसंच करायला लावलं होतं.

हीच तारीख तुला बनावट कागदापासून वाचवेल. शक आणि संवत्सराचं नाव जुळलं पाहिजे. शके १५९६ म्हणजे आनंद संवत्सर, याच वर्षी ज्येष्ठात शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. साठ संवत्सरांची माळ ठरलेली आहे, त्यामुळं १५९६ लिहून दुसऱ्या संवत्सराचं नाव टाकलेलं असेल तर सावध हो. राज्याभिषेक शक त्या दिवसापासून, म्हणजे ६ जून १६७४ पासून चालू झाला. त्याआधीच्या तारखेच्या पत्रात तो आला तर पत्र नंतर कुणीतरी केलेलं आहे. महाराजांच्या नावाची बनावट पत्रं बाजारात फिरतात, कारण त्यांना गिऱ्हाईक मिळतं. जुन्या वहीचे कोरे बंद फाडून त्यावर नवी शाई चालवली जाते, म्हणून कागद जुना आहे एवढ्यावर विसंबू नकोस. कसरीची भोकं बघ. अक्षर भोकाला वळसा घालून गेलं असेल किंवा शाई भोकाच्या कडेत झिरपली असेल, तर भोक आधी पडलं आणि लिहिलं नंतर गेलं. घडीचंही तसंच, जुन्या घडीच्या चिरेत शाई पसरलेली दिसली की समज. विलायती कागद असेल तर उजेडाकडं धर. जलचिन्ह दिसतं, काही कागदांत सालही असतं, आणि ते साल पत्राच्या तारखेनंतरचं निघालं तर बोलायलाच नको.

एक मात्र ध्यानात ठेव. वर ‘नक्कल’ किंवा ‘तालीक’ असं लिहिलेला कागद खोटा नसतो. त्याच काळात केलेली ती प्रत असते. मूळ सनद धन्याकडं किंवा सरकारात गेली आणि घरात नक्कल राहिली, असं सर्रास घडलं आहे. अस्सल हरवलेलं असेल तर त्या नकलेलाच अस्सलाचा मान दे.

आता जपणूक. आपल्या बाजूचा पावसाळा कागदाचा वैरी आहे, म्हणून जे काही उघडायचं ते माघापासून चैत्रापर्यंत उघड. हात धुऊन, कोरडे करून. तेल, हळद, अत्तर हाताला नको. जुनी देशी शाई काजळी आणि डिंकाची असते. ती काळाच्या ओघात फिकट होत नाही, पण पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. तेव्हा ओल्या फडक्यानं पुसायचं मनातही आणू नकोस. इंग्रजी अमलातल्या कागदांवरची तपकिरी पडलेली शाई लोखंडाची असते, ती कागद खाते. अशा कागदाची घडी वारंवार उघडू नकोस, घडीवरच तो तुटतो.

सेलोटेप लावायची नाही. लॅमिनेशन तर मुळीच नाही. गावात कितीतरी सनदा लोकांनी प्रेमानं लॅमिनेट केल्यात आणि त्या आत पिवळ्या पडून गेल्यात. त्या आता सोडवता येत नाहीत. इस्त्री फिरवायची नाही, उन्हात वाळत टाकायचं नाही. बाइंडर मोरचूद घातलेली खळ वापरतात, ती हिशेबाच्या वहीला चालेल, जुन्या पत्राला नको. फाटलेला कागद दोन कोऱ्या सुती कागदांच्या मधे सपाट ठेव आणि दुरुस्ती जाणत्याकडून करून घे. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चांगला सुती कागद मिळतो. रुमालाला मांजरपाट घे, दोनदा धुऊन खळ काढून टाक, कारण खळ म्हणजे कसरीचं जेवण. रंगीत कापड नको, ओल लागली की रंग कागदावर उतरतो. वेखंडाच्या पुरचुंड्या पेटीच्या कोपऱ्यात ठेव, कागदाला चिकटवून नको. स्टीलच्या कपाटात वरच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीपासून लांब.

फोटो काढताना खिडकीजवळच्या उजेडात काढ, फ्लॅश नको. दोन्ही बाजू, समासासकट, शेजारी पट्टी ठेवून. कागदावर शाईनं काही लिहू नकोस, आपला शिक्का मारू नकोस. वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं लिही: कुठल्या गावातून, कुठल्या घरातून, कुणाच्या हातून, रुमालात कितवा. ही चिठ्ठी गेली तर कागदाचा अर्धा जीव गेला. कागद ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं परत ठेव. तारखेनं लावायचा मोह होईल. ती तारीखवार यादी वहीत कर, रुमालात नको.

कायदा माहीत असू दे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला मित्र कितीही पैसे देऊ म्हणाला तरी पाकीट पोस्टात टाकू नकोस. सरकारी दप्तराचा शिक्का किंवा नंबर असलेला कागद बाजारात दिसला तर तो विकत घेऊ नकोस. तो कुठून तरी चोरीला गेलेला असण्याचा संभव असतो, दप्तराला कळव.

शिपायांच्या पत्रांबद्दल तू विचारलंस. आपण फक्त मोडी मोडी करतो, पण पहिल्या महायुद्धात आपल्या मावळातली पोरं मेसोपोटेमियात गेली. मराठा पलटणी कुटच्या वेढ्यात अडकल्या होत्या, १९१५-१६ साली. किती गावांच्या चावडीवर अजून तो दगड आहे, या गावातून इतके जण लढाईला गेले म्हणून. त्यांची घरी आलेली पत्रं, पेन्शनीचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या कुणी अजून नीट गोळा केलेल्या नाहीत. १९६५ आणि १९७१ च्या लढाईतली पत्रं तर अजून जिवंत माणसांच्या कपाटात आहेत. निळं आंतरदेशीय, बॉलपेनचं अक्षर, पत्त्यात ‘५६ ए. पी. ओ.’ आणि गावाचं नाव कुठंच नाही, कारण शिपायाला आपण कुठं आहोत ते लिहायची मुभा नसे. लोकांना हे कागद जुने वाटत नाहीत म्हणून तेच आधी जातात. ते मिळव. मात्र लिहिणारा किंवा त्याची बायको हयात असेल तर त्यांच्या संमतीशिवाय त्यातली एक ओळही व्हॉट्सॲपवर टाकू नकोस.

आणि आपण मुळशी तालुक्यातले, तेव्हा हेही सांगतो. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांना सेनापती ही पदवी याच लढ्यानं दिली. जमिनी बुडालेल्या मावळ्यांनी केलेले अर्ज, आलेल्या नोटिसा, नुकसानभरपाईचे हिशेब, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार या तालुक्यात घराघरात विखुरलेला होता. बुडीत गावांतून उठून माणसं जिथं जिथं गेली, तिथं तिथं हे कागद गेले असतील. पुढं आयटी पार्कला जमिनी गेल्या त्यांच्या नोटिसाही आज कुणी जपत नाही. शंभर वर्षांनी त्यांनाही असाच भाव येईल आणि तेव्हा त्या सापडणार नाहीत. तुझ्या संग्रहात यांना पहिली जागा दे. पानिपतची पत्रं जपायला मोठ्या संस्था आहेत. मारुंजीच्या नोटिसा जपायला तूच आहेस.

शेवटी, संग्रह कुणाला द्यायचा ते आत्ताच लिहून ठेव. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी जन्मभर जमवलेले कागद साताऱ्याच्या संग्रहालयात राहिले आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. नाना फडणिसांचं मेणवलीचं दप्तर त्यांतच आहे आणि आजही अभ्यासकांना बघायला मिळतं. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला गेले, आणि पुढच्याच महिन्यात धुळ्याला त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. ज्यांचे कागद संस्थेत गेले ते राहिले. ज्यांचे मुलांमध्ये वाटले गेले, त्यांचे कुठं गेले ते कुणाला सांगता येत नाही. देताना संस्थेकडून लेखी घे की रुमाल एकत्र राहतील, घराण्याचं नाव राहील आणि घरच्यांना फोटोप्रत मिळेल.

आता काम सांगतो. भारत इतिहास संशोधक मंडळात फोन करून मोडीच्या पुढच्या वर्गाची चौकशी कर आणि नाव घाल. वर्ग संपेपर्यंत एकही कागद विकत घ्यायचा नाही. तोवर आपल्याच घरातली पेटी उघड, त्यातल्या रुमालांचे आतून-बाहेरून फोटो काढ आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ते होते तसे बांधून मला आणून दाखव.